चौथ्या घरची चाल

परळीत वैजनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला शिवलिंगप्पांचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानामागं घर. त्या घरातली थोरली सून शिवकांता. तिच्याबद्दल गल्लीत कुणालाही विचारा, आधी म्हणतील, बाई कामाला वाघ आहे. मग इकडंतिकडं बघून, आवाज उतरवून सांगतील की तिला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. दोन्ही खरं आहे, उगाच कशाला झाका? शेजारणीच्या शेंगदाण्याच्या चटणीला कुणी नावाजलं, की त्याच संध्याकाळी हिच्या घरात खलबत्ता वाजलाच म्हणून समजा. थर्मल वीजकेंद्राची राख उडून सगळ्या गल्लीच्या पापडांवर बसायची, पण समोरच्या साखराबाईच्या गच्चीवर ती कमी बसते असं हिचं पक्कं मत होतं, आणि त्याचाही हिला राग होता.

माहेर माजलगावचं, धान्याच्या मोंढ्यातल्या अडत्याची लेक. लग्न होऊन आली तेव्हा सासू हयात नव्हती, त्यामुळं पहिल्या दिवसापासून किल्ल्या हिच्या कमरेला. नवरा केदारनाथ म्हणजे गरीब गाय. सासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, सकाळची लिंगपूजा आटोपून दुकानात बसले की जेवायलाच उठायचे. दहा वर्षं त्या घरात जे काही पहिल्यांदा झालं ते शिवकांताच्या हातून झालं. गॅसची शेगडी पहिल्यांदा तिनं पेटवली. मिक्सर तिनं लावला. फोन आला तेव्हा त्यात पहिला 'हॅलो' तिनं म्हटला, आणि पलीकडून राँग नंबर निघाला तरी तिला त्याचं काही वाटलं नाही.

मग धाकटा दीर सिद्धाराम याचं लग्न झालं आणि गेवराईकडच्या उमापूरहून रोहिणी आली. खेड्यातली, लहान दुकानदाराची पोर. बोलायला मऊ, पडेल ते काम करणारी. तिच्यात खोट काढायला शिवकांताला फार कष्ट पडले. शेवटी एकच सापडली: पोरगी सारखी गुणगुणायची. तांदूळ निवडताना, कपडे पिळताना, कधी ओठ बंद करून, कधी नाकातून. "नव्या सुनेनं येवढं गुणगुणू नये," असं शिवकांतानं एकदा सांगून बघितलं. रोहिणी "बरं अक्का" म्हणाली आणि चार दिवस गप्प राहिली. पाचव्या दिवशी परत सुरू.

चौऱ्याण्णव साली सिद्धाराम हैदराबादला माल बघायला गेला आणि येताना टीव्ही गेम घेऊन आला. आठ दिवस दोघं भाऊ लहान पोरांसारखे त्याला चिकटून बसले, मग त्यांचा जीव उबगला आणि डबा कपाटावर जाऊन पडला. एका दुपारी घरात सगळं सामसूम असताना शिवकांतानं तो खाली काढला. कॅसेटी चार होत्या. तिन्हींत नुसती ढिशूम-ढिशूम. चौथीवरचा कागद अर्धा फाटलेला, त्यावर चिनी का जपानी अक्षरं, आणि सिद्धारामनं ती "फालतू हाय" म्हणून बाजूला टाकलेली.

तिच्यात एक बुटकी बाई चालायची. डोक्यावर काहीतरी गोल. ती टोपी असेल, घंटा असेल, करणाऱ्याला ठाऊक. शिवकांताला मात्र बघितल्याबरोबर घागर दिसली. बाईला धक्का लागला की गोलातून निळे ठिपके उडायचे. पाणीच की ते, आणखी काय? कॅसेटीचं नाव घागरवाली पडलं. चालत चालत शेवटाला गेलं की दार यायचं, दारातून आत शिरलं की चित्र बदलायचं आणि वाजणारी चालही बदलायची. पहिलं घर, दुसरं घर, असं शिवकांता म्हणायला लागली, सारीपाटात म्हणतात तसं. पहिल्या घरची चाल लाडीगोडीची, दुसऱ्या घरची जरा घाईची. चार दिवसांत तिनं दोन्ही घरं पार केली आणि मग तिला एकटीला करमेना, कारण बघायलाच कुणी नव्हतं.

म्हणून तिनं रोहिणीला बोलावलं. हे लक्षात ठेवा, तिनं बोलावलं. बटण कुठलं, उडी कशी, घागर सांडली की एक जीव जातो, सगळं तिनं शिकवलं. वर्षाराणी, तिची लेक, शाळेत असायची, पुरुष दुकानात. भांडी घासून झाली की दोघी जावा टीव्हीसमोर. खरं सांगायचं तर ते दोन महिने शिवकांताला फार सुखाचे गेले. ती पुढं आणि रोहिणी मागं, असं होतं तोवर.

तिसऱ्या घरात गाडं अडलं. तिथं फळ्या होत्या, दिसायच्या आणि नाहीशा व्हायच्या. शिवकांता डोळे फाडून बघायची, फळी दिसली की उडी मारायची, आणि उडी पोचेपर्यंत फळी गेलेली असायची.

"अक्का, बघू नका," रोहिणी एकदा म्हणाली. "ऐका. ठेक्यावर फळी येतीया."

"मला शिकवू नको तू. मी शिकवलंय तुला."

रोहिणी "बरं अक्का" म्हणाली. पण तिचा जीव शिवकांताच्या जिवापेक्षा दोन फळ्या पुढं जायला लागला, मग चार.

श्रावणातला एक सोमवार. शिवकांता वैजनाथाच्या रांगेत तीन तास उभी होती. रोहिणीच्या अंगात कणकण होती म्हणून ती घरी. शिवकांता बेलाची पानं आणि अंगारा घेऊन परत आली तर रोहिणी कणीक मळता मळता काहीतरी गुणगुणत होती. ही चाल वेगळी होती. वर जायची, वाटायचं आता तुटणार, आणि मग हळूच खाली उतरून जागेवर बसायची. शिवकांता पायरीवरच थांबली. पायातली चप्पल काढायचं विसरली.

"कुठलं गं हे?"

रोहिणी दचकली. कणकेचे हात तसेच. क्षणभर तिनं अक्काकडं बघितलं आणि म्हणाली, "हे व्हय? चौथ्या घरातलं."

"तू चौथ्या घरात गेलतीस?"

"आज एकदाच गेलते. लगीच मेले."

त्या क्षणी शिवकांताच्या पोटात जे दुखायला लागलं ते अकरा वर्षं थांबलं नाही. तिनं हातातला अंगारा देव्हाऱ्यात ठेवला, रोहिणीच्या कपाळाला लावलाच नाही. आपण देवासाठी उन्हात उभं राहावं आणि हिनं घरात बसून चौथं घर बघावं? शिकवलं कुणी? डबा कपाटावरून काढला कुणी?

"दाखव की परत," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. रोहिणीनं प्रयत्न केला, तिसऱ्या घरातच पडली. तिसऱ्या दिवशीही. "परत जमंना, अक्का. कसं झालतं कुणाला ठावं." शिवकांता तर दाराच्या जवळपासही पोचेना. आणि घरात दिवसभर ती चाल. रोहिणी भाकरी थापायची तर चाल. अंगण झाडायची तर चाल. शिवकांताला वाटायचं, ही मुद्दाम म्हणते. मी अजून दाराबाहेर हाय, हे मला ऐकवायला म्हणते. तसं काही नव्हतं, पण जळणाऱ्याला कोण सांगणार?

महिनाभरानं कडेलोट झाला. आप्पा जेवायला आत आले होते. ह्या माणसानं अकरा वर्षांत थोरल्या सुनेच्या हातच्या वरणाला कधी बरं म्हटलं नव्हतं. हात धुता धुता त्यांनी स्वयंपाकघराकडं कान दिला आणि म्हणाले, "कोण म्हणतंय गं ते? कानाला बरं वाटतंय."

त्याच दुपारी शिवकांतानं घागरवाली कॅसेट काढली, जुन्या झंपरात गुंडाळली आणि आपल्या रुखवतातल्या पितळी डब्यात घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. वर शालू, त्यावर कुलूप. संध्याकाळी कॅसेट सापडेना म्हटल्यावर रोहिणीनं दोन दिवस घर पालथं घातलं. धान्याच्या कोठीत हात घालून बघितला. शिवकांताही बरोबरीनं शोधत होती, वर "काय गं, कुठं ठिवलीस तू?" असं विचारतही होती. तिसऱ्या दिवशी रोहिणी म्हणाली, "जाऊ द्या अक्का, हरवली म्हणायची." तिचे डोळे भरले होते, हे शिवकांतानं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

कॅसेट बंद झाली म्हणजे चाल बंद होईल, असा तिचा हिशोब. चुकला. पुढच्या वर्षी रोहिणीला मुलगी झाली आणि तिच्या बारशाला रोहिणीनं त्याच चालीवर पाळणा म्हटला, शब्द जोडून:

हळू चाल गं हळू चाल, घागर काठोकाठ,
बाळ माझं निजलंय, अजून लांब वाट.

साखराबाईनं तो तिथंच दोनदा म्हणून घेतला. महिन्याभरात गल्लीत कुणाचंही पोर रडलं की तीच घागर आणि तीच वाट. पुढं भावाभावांच्या वाटण्या झाल्या, सिद्धारामनं वेगळं दुकान थाटलं, आणि थाटलं कुठं, तर माजलगावात. शिवकांताच्या माहेरी! एकदा ती भाच्याच्या बारशाला गेली तर तिच्या सख्ख्या भावजयीनं पाळण्याची दोरी धरली आणि सुरू केलं, हळू चाल गं. "आमच्या पेठेतल्या रोहिणीबाईंचा पाळणा हाय," वर तिलाच सांगितलं. शिवकांता त्या दिवशी न जेवता, डोकं दुखतंय म्हणून एसटीत बसली.

दोन हजार पाचमध्ये लातूरला दिलेल्या वर्षाराणीला दिवस गेले. पहिलटकरीण माहेरी येणार, बारसं परळीला होणार, विहीणबाई लातूरहून येणार आणि रोहिणीही येणार. आली की तिला पाळणा म्हणायला लावणार, हे शिवकांताला दिसतच होतं. लेक यायला अजून दोन महिने होते. एका दुपारी तिनं ट्रंक उघडली, शालू उचलला आणि पितळी डबा काढला. माळ्यावरचा टीव्ही गेम उतरवला. कॅसेटीत फुंकर मारली, आत दाबली. पडदा थोडा थरथरला आणि बुटकी बाई घागर घेऊन उभी राहिली, कालच भेटल्यासारखी.

पहिल्या घरची चाल वाजली तेव्हा शिवकांताला अचानक रडू आलं. का आलं ते तिलाही कळलं नाही, आणि कळून घ्यायला तिला वेळ नव्हता. तिला एकच हवं होतं: रोहिणी यायच्या आत चौथ्या घरात जायचं आणि ती चाल आपल्या हातानं, आपल्या कानानं ऐकायची. एकदा ऐकली की झालं. मग रोहिणीकडं असलेलं सगळं आपल्याकडंही आहे.

आप्पा आता थकून बैठकीत पडलेले असत. ऐकू कमी यायचं, तरी विचारायचे, "काय वाजतंय?" ती म्हणायची, "रेडिओ, आप्पा." भारनियमन तर पाचवीला पुजलेलं. थर्मल उशाला आणि गावात लाईट नाही. दोन घरं पार करून तिसऱ्यात जावं आणि सगळं अंधारात गडप व्हावं, की परत पहिल्यापासून. बोटांना घट्टे पडले. केदारनाथनं एकदा विचारलं, तर म्हणाली, खलबत्त्यानं.

महिना झाला तरी तिसरं घर सुटेना. एक दिवस कंटाळून ती नुसतीच बसली होती, बाई पडद्यावर उभी, ठेका वाजतोय, आणि शिवकांता स्वतःशी गुणगुणत होती. आपण काय गुणगुणतोय हे तिच्या ध्यानात नव्हतं. बोट बटणावर होतं, हळू चाल गं म्हणताना ते आपोआप दाबलं गेलं, आणि पायाखाली फळी आली. परत हळू चाल, परत फळी. घागर काठोकाठ, तिसरी फळी, चौथी. तिनं म्हणायचं थांबवलं नाही. अजून लांब वाट म्हणता म्हणता बाई दारात होती.

चौथं घर. सगळं काळं, मधे दोन-चार करड्या पायऱ्या. आणि चाल?

तीन सूर. टुंग टुंग टिंग. टुंग टुंग टिंग. गिरणीचा पट्टा घासावा तसे तेच तीन सूर, वर नाही, खाली नाही. ती वाट बघत राहिली, आता बदलेल, आता ती येईल. बाई मेली. शिवकांता दुसऱ्या दिवशी परत गेली, तिसऱ्या दिवशी परत. मोजून बारा वेळा गेली. तेच.

म्हणजे रोहिणी कधी गेलीच नव्हती. खोटारडी! शिवकांताला असा आनंद झाला की तिनं उभ्या उभ्या डिंकाचे दोन लाडू खाल्ले. चौथ्या घरात मी गेले, ती नाही. पहिली मीच. लाडू खाऊन झाले, हात धुतले, आणि नळ बंद करताना तिच्या डोक्यात आलं: मग पाळणा कुणाचा?

ती मोरीतच बसली. मशिनीतली चाल असती तर काय, कुणीही आत जाऊन ऐकावी. ठेका तेवढा तिसऱ्या घरचा, चाल मात्र त्या पोरीच्या पोटातून आली होती. कणीक मळता मळता. नवी सून, आपलंच काही म्हणते म्हटलं तर अक्का बोलेल, म्हणून मशिनीचं नाव सांगून मोकळी झाली. अकरा वर्षं ज्याचा हेवा केला ते तर काहीच नव्हतं. हेवा करण्यासारखं खरं आत्ता कळलं होतं, आणि ते कुठल्याही दारातून आत जाऊन मिळण्यातलं नव्हतं. कॅसेट तिनं परत डब्यात घातली. मनाशी ठरवलं, तोंड उघडायचं नाही. ती पोरगी मशिनीतलं म्हणते, म्हणू दे. तेवढंच रोहिणीचं कमी.

नात झाली. बाराव्या दिवशी जंगमांनी येऊन बाळाच्या गळ्यात लिंग बांधलं, दुपारी बायका जमल्या. माजलगावहून रोहिणी आली, बाळाला कुंची घेऊन, तीही स्वतः शिवलेली. शिवकांतानं कुंचीची शिवण उलटून बघितली. शिवणीतही काही सापडलं नाही. लातूरच्या विहीणबाई सतरंजीवर मधोमध, तोलून मापून बोलणाऱ्या. पाळण्याची दोरी शिवकांताच्या हातात होती.

"रोहिणी, तुझा पाळणा म्हण की," साखराबाई म्हणाली, आणि रोहिणीनं म्हटला. संपल्यावर विहीणबाईंनी पदरानं डोळे टिपले. "काय चाल आहे हो. कुणाची म्हणायची?"

"माझी कसली," रोहिणी हसली. "टीव्ही गेममधली हाय. आमी दोघी जावा दुपारच्या खेळायचो. चौथ्या घरात वाजायची."

"अगं बाई, टीव्ही गेम?" विहीणबाई शिवकांताकडं वळल्या. "मग तुम्हीपण गेला असाल चौथ्या घरात."

शिवकांता उत्तर जुळवत होती तेवढ्यात रोहिणीनं तिला सांभाळून घेतलं. मनापासून, मायेनं. "अक्का तिसऱ्यापोत आल्त्या. मग कॅसेटच हरवली, न्हाईतर त्या बी गेल्या असत्या."

झालं. तिसऱ्यापर्यंत. विहिणीसमोर, लेकीसमोर, आपल्याच घरात आपल्यालाच हिनं सांभाळून घ्यायचं? शिवकांताच्या कानशिलात आग गेली आणि ठरवलेलं सगळं जळून गेलं.

"मशिनीत असलं काय बी न्हाई," ती म्हणाली. "चौथ्या घरात मी गेलेय. बारा येळा गेलेय. ही कधी गेलीच न्हाई. ही चाल तितं न्हाईच."

साखराबाईला सावकाश कळायचं, तिनं सावकाशच विचारलं, "तितं न्हाई, मग आली कुठून?"

एकेक करून सगळ्यांच्या माना रोहिणीकडं वळल्या. "म्हणजे तुमचीच की हो ही," विहीणबाई म्हणाल्या आणि सरकून रोहिणीजवळ बसल्या. रोहिणीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आपण काय करून बसलो ते शिवकांताला तेव्हा कळलं. पण अजून अर्धंच कळलं होतं.

"कॅसेट घावली व्हय, अक्का?" रोहिणीनं विचारलं. "कवा?"

शिवकांतानं पाळण्याची दोरी नुसतीच ओढली. रोहिणी तिच्याकडं बघत राहिली, आणि तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. धान्याच्या कोठीत कोपरापर्यंत घातलेला हात तिला आठवला असेल. बोलली मात्र ती वेगळंच.

"मग खरं काय वाजतं तितं? मला लई ऐकायचं होतं, अक्का. अकरा वर्सं झाली. म्हणा की."

ती हे टोचायला म्हणत नव्हती. तिच्या डोळ्यांत खरंच भूक होती. उभ्या जन्मात पहिल्यांदा रोहिणीला हवी असलेली गोष्ट फक्त शिवकांताकडं होती. तिनं पदर सारखा केला, घसा खाकरला. तीन तर सूर. बारा वेळा ऐकलेले. तिनं तोंड उघडलं आणि गळ्यातून जे निघालं ते वर गेलं, तुटेल तुटेल असं वाटलं, आणि हळूच खाली उतरून जागेवर बसलं. ती थांबली. परत सुरू केलं. परत तेच आलं.

बायकांना वाटलं, थोरली जाऊ धाकटीचं कौतुक करते आहे. साखराबाईनं टाळी धरली, बाकीच्यांनी शब्द उचलले, हळू चाल गं हळू चाल. रोहिणी तेवढी म्हणत नव्हती. अक्काला दुसरी चाल आठवेल म्हणून ती थांबली होती.